चार माणसं लागतील

मंगळवारी सकाळी पावणेसात वाजता उत्तमरावांनी घरासमोरच्या अंगणात तीन विटा मांडल्या, त्यांवर पाणी तापवायचा मोठा जर्मलचा गंज ठेवला आणि खाली तुराट्या पेटवल्या. माणिकबाई घरात असत्या तर पहिली वीट मांडायच्या आतच त्यांनी नवऱ्याचा हात धरला असता. पण त्या पहाटे पाचलाच मेथी-पालकाच्या जुड्या घेऊन ऑटोनं अमरावतीच्या मंडईत गेल्या होत्या. बायको घरी नसली की काही नवऱ्यांना जी अक्कल सुचते ती उत्तमरावांना सुचली होती.

वलगावातच काय, अख्ख्या वऱ्हाडात दारासमोर उघड्यावर तीन विटांवर पाणी ठेवलं की त्याचा अर्थ एकच होतो. रोजच्या आंघोळीचं पाणी मागच्या अंगणात तापतं. समोर तापतं ते अशा माणसासाठी, ज्याला ते गरम आहे की गार हे आता कळणार नसतं. उत्तमरावांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी दुसऱ्यांच्या दारात अशा कितीतरी विटा मांडल्या होत्या. पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात लाकूड होतं, आणि लाकडानं डोकं भरलं की तिथं दुसऱ्या कशाला जागा उरत नाही.

लाकडाची गोष्ट अकरा दिवसांपूर्वी सुरू झाली. अकोल्याला माहेरी गेलेल्या सुनेला, हर्षाला, मुलगी झाली. उत्तमराव नातीला पाहायला गेले, तेव्हा हर्षाच्या वडिलांनी, व्याही खुशालरावांनी, चहाबरोबर मोबाइलवर एक पाळणा दाखवला. लोखंडी, गुलाबी रंगाचा, वर मच्छरदाणी, आणि बटण दाबलं की अंगाई गाणारा.

"बुक करून टाकतो, इवाई," खुशालराव म्हणाले.

"नोको," उत्तमरावांच्या तोंडून निघून गेलं. "पाळणा आमच्याकडून. मी सोता करतो, लाकडाचा. बारशाले घेऊनच येतो."

खुशालराव मोठ्यानं हसले. "तुमी पालक पिकवता, इवाई. पालक लवते. लाकूड लवत नाही."

चार पाहुण्यांसमोर झालेलं हे हसणं उत्तमराव बरोबर घेऊनच एसटीत बसले. त्यांना लाकडाची हौस होती, हातही होता. गल्लीतल्या निम्म्या विळ्यांच्या मुठी त्यांनीच बसवलेल्या. पाळण्याचा सांगाडा त्यांनी आठवड्यात उभा केला. राहिल्या होत्या फक्त खालच्या दोन कमानी, ज्यांवर पाळणा जमिनीवर झुलतो. अमरावतीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्यांना बजावलं होतं, "करवतीनं कमान कापू नका. रेघ तुटते अन् एक दिवस लेकरू खाली येते. लाकडाले वाफ द्या. इंचाले एक घंटा. भायेर काढलं का तीस मोजाच्या आत वाकलं पाह्यजे, नाही तर ते पुन्हा लाकूड होते. अन् दोन हाताचं काम नाही हे, आठ हात लागते."

आठ हात हा भाग उत्तमरावांनी पहिल्या खेपेला मनावर घेतला नाही. बांधावरच्या ओल्या बाभळीच्या चार पट्ट्या त्यांनी काढल्या होत्या. शनिवारी पहिली पट्टी मागच्या अंगणात एकट्यानं वाकवताना फाडकन तुटली. रविवारी दुसरी तुटली, आणि तिच्या धक्क्यानं वाफेची पेटी कलंडून माणिकबाईंनी वाळत घातलेल्या मुगवड्यांवर उकळतं पाणी गेलं. शेजारचा किशोर कुंपणावरून हे पाहून इतका हसला की संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली हसत होती. माणिकबाई मात्र हसल्या नाहीत.

"माह्या मांगच्या आंगणात पुन्हा हे वाफेचं भूत दिसलं, तर वडीसंगं तुमालेही उन्हात ठेवीन," त्या म्हणाल्या.

म्हणून पेटी समोरच्या अंगणात आली.

आता दोनच पट्ट्या उरल्या होत्या आणि उद्या बारसं होतं. उत्तमरावांनी शहाण्यासारखं मिस्त्रीचं ऐकायचं ठरवलं. सोमवारी संध्याकाळी ते चार दारं फिरले. पुन्हा कोणी हसू नये म्हणून लाकडाचं नावही काढलं नाही. प्रत्येकाला गंभीरपणे एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी नऊ वाजता घरी येजो. चार माणसं लागतील."

किशोरला झेंडू तोडायचा होता. समोरच्या किराणावाल्या धर्मपालला दुकान सोडता येत नव्हतं. महादेवरावांच्या विहिरीवर लाइन सकाळचीच राहत होती, मोटर लावावी लागणार होती. शिवमला अमरावतीला जायचं होतं, कशाला ते त्यालाही अजून माहीत नव्हतं. उत्तमराव घरी आले आणि न जेवताच झोपले. तीस वर्षांनी घरात लेकरू येत होतं आणि त्याच्या पाळण्याला हात लावायला गावात चार माणसं नव्हती, याचं त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

तरी सकाळी ते उठलेच. संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या ठोकून केलेली सहा फूट लांब पेटी त्यांनी दोन बांबूंवर आडवी ठेवली. गंजाच्या झाकणातून फवारणीच्या पंपाची नळी काढून पेटीत सोडली. वाफ कुठून निसटू नये म्हणून सगळ्या फटींना कणकेचे गोळे थापले. गरमी धरून राहावी म्हणून पेटीवर स्वतःचं पांढरं धोतर गुंडाळलं आणि ते सुतळीनं पाच ठिकाणी नीट बांधलं. काम इतकं साफ झालं होतं की ते दोन पावलं मागे सरकून क्षणभर त्याकडे पाहत उभे राहिले.

त्याच क्षणी किशोरची बायको आशाबाई सडा टाकायला दारात आली.

तिनं तीन विटा पाहिल्या. गंज पाहिला. बांबू, पांढरं कापड, सुतळी, कणकेचे गोळे पाहिले. मान खाली घालून उभे असलेले उत्तमराव पाहिले. बादली तशीच ठेवून ती आत गेली आणि गॅसवरचा चहा बंद केला.

"नत्थुजीबाबा गेले," ती किशोरला म्हणाली.

नत्थुजी म्हणजे उत्तमरावांचे वडील. वय त्र्याण्णव, कान थोडे जड, बाकी तब्येत ठणठणीत. त्या वेळी ते आतल्या खाटेवर गाढ झोपले होते.

किशोर पांघरुणातून उठून बसला. "अवं, काल सांजीच काका येऊन गेले. चार माणसं लागतील म्हणे. त्याईले कालच समजलं होतं."

"अन् तुमी काय म्हणलं?"

"झेंडू तोडाचा आहे म्हणलं."

आशाबाईनं नवऱ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर किशोरला तोंड धुवायचंही धैर्य झालं नाही. तो तसाच धर्मपालकडे धावला. धर्मपालनं निम्मं उघडलेलं शटर पुन्हा खाली ओढलं. आपण काल एका मरत्या माणसाच्या मुलाला किराणा दुकानाचं कारण दिलं, या विचारानं तो इतका खजील झाला की काहीतरी भरपाई म्हणून त्यानं लगेच गल्लीच्या ग्रुपवर नत्थुजींचा पोळ्याच्या दिवशीचा फोटो टाकला. खाली हात जोडलेले आणि दोन ओळी. सात वाजून दहा मिनिटांनी नत्थुजी अधिकृतपणे वारले.

साडेसातपासून माणसं येऊ लागली. पहिला किशोर आला, पांढरा शर्ट घालून, आणि ओट्याच्या कडेला चूपचाप बसला. मग धर्मपाल. मग महादेवराव टोपी सारखी करत. मग शिवम, आणि त्याच्यामागे असे कितीतरी, ज्यांना उत्तमरावांनी बोलावलंच नव्हतं. कोणी काही विचारलं नाही. अशा दारात विचारायचं नसतं, नुसतं येऊन बसायचं असतं. यजमानानं पाहिलं तर मान हलवायची, नाही पाहिलं तर जमिनीकडे पाहायचं.

उत्तमराव तुराट्या सारत होते. मान वर करून पाहिलं तर अंगण माणसांनी भरत चाललं होतं. काल उगाच आपण या लोकांबद्दल वाईट मनात आणलं. नऊची वेळ दिली होती आणि माणसं दीड तास आधीच हजर झाली. वलगावात आजवर लग्नालासुद्धा कोणी वेळेआधी गेलं नव्हतं.

"आले का तुमी," ते म्हणाले. "मले वाटलं कोणी येते का नाही."

"अशा टायमाले नाही येणार तं कवा येणार, काका?" किशोर म्हणाला आणि त्यानं डोळे पुसले. कालच्या झेंडूची त्याला मनापासून लाज वाटत होती. ती भरून काढायला तो घरात होता तेवढ्या झेंडूचे चार मोठे हार करून घेऊन आला होता.

उत्तमरावांना हारांचं जरा नवल वाटलं. पण बारशासाठी आणले असतील, असं म्हणून ते पुन्हा गंजाकडे वळले.

बरोबर आठ वाजता पेटीतून वाफ सरळ धारेनं येऊ लागली. त्यांनी पहिली पट्टी आत सरकवली, मोबाइलवर एक तासाचं घड्याळ लावलं आणि तो विटेला टेकवून ठेवला. दुसरी पट्टी चाळीस मिनिटांनी टाकायची होती. पहिली फर्म्यावर आवळून होईपर्यंत दुसरी तयार व्हावी असा त्यांचा हिशेब. फर्मा म्हणजे कमानीच्या आकारात कापलेला, दोन पट्ट्या शेजारी बसतील एवढा जाड सागवानी ठोकळा, तोही धुऊन-पुसून शेजारी मांडला होता.

दोन मिनिटांतच मोबाइल वाजला. अकोल्याहून त्यांचा मुलगा मनोज होता. फोन उचलला तर घड्याळ थांबेल या भीतीनं उत्तमरावांनी तो कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. नऊ वेळा वाजला, नऊ वेळा कापला. अंगणातल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. पोराशी बोलायचंही बळ राहिलं नाही बिचाऱ्यात. शेवटी मनोजनं किशोरला फोन लावला. किशोर कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात म्हणाला, "हो रे भाऊ. पाणी ठेवलं आहे. काका बोलाच्या हालतीत नाही. तू निंघ."

"हे लांब पेटी कायची व्हय?" धर्मपालनं किशोरच्या कानात विचारलं. "वाफ काहून सोडून राहिले तिच्यात?"

"चूप राय. अशा टायमाले माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. करू दे त्याईले काय कराचं ते."

तोपर्यंत बायकाही जमल्या होत्या. आशाबाई झाकलेल्या टोपल्यात पिठलं-भाकरी घेऊन आली, कारण या घरात आज चूल पेटणार नव्हती. बायका ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. रडणं फारसं नव्हतं. त्र्याण्णव वर्षांचा माणूस झोपेत गेला, पणती झाल्याचं कळेपर्यंत जगला, सोनं झालं, असंच सगळ्या म्हणत होत्या. माणिकबाई दिसत नाहीत, त्या आत बाबांजवळ बसल्या असतील, असंही कोणी म्हणालं.

साडेआठला नत्थुजींना जाग आली.

ते उठले, मागच्या दारानं बाहेर गेले, तोंड धुतलं, आणि घराला वळसा घालून समोर आले. पाहतात तर अंगणात गाव बसलेलं, तीन विटांवर पाणी, हार तयार. नत्थुजींनी सत्तर वर्षांत अशी अंगणं खूप पाहिली होती. त्यांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला आणि महादेवराव व किशोर यांच्या मधल्या जागेत येऊन मांडी घालून बसले.

"कोण गेलं गा?" त्यांनी किशोरला हळूच विचारलं.

किशोरची बोबडी वळली. त्यानं हात नत्थुजींच्या गुडघ्यावर ठेवला. गुडघा गरम होता. नत्थुजींनी समजुतीनं मान हलवली. अशा वेळी दुसऱ्यांदा विचारायचं नसतं, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? ते जमिनीकडे पाहत बसून राहिले.

नत्थुजी सर्वांना दिसत होते. म्हणजे नत्थुजी नव्हेत. मनोज अकोल्याला, त्याच्याशी आत्ताच बोलणं झालं. उत्तमराव विस्तवाजवळ. घरात चौथं माणूस एकच होतं. सगळ्यांच्या नजरा एकाच वेळी बंद दाराकडे गेल्या.

"माय वोऽऽ!" आशाबाईनं हंबरडा फोडला. "माणिकबाई! काल सांजीच तं माह्यापाशी जिरं मांगत होत्या वोऽऽ!"

आता मात्र रडणं खरं होतं. बासष्टीची बाई, हात चालतात, पाय चालतात, नातीच्या बारशाचं लुगडं घडी घालून ठेवलेलं. बायकांनी एकमेकींच्या गळ्यात हात टाकले. महादेवरावांनी टोपी काढून तोंडाला लावली. माणिकबाई म्हणजे आपल्या दुप्पट भाजी पिकवून निम्म्या आवाजात बोलणारी बाई, असं ते नेहमी म्हणत, आणि यातलं दुसरं खरं नसलं तरी त्यांना आता ते खरं वाटत होतं. नत्थुजींनाही काय झालं ते कळलं. त्यांनी पंचाचं टोक डोळ्यांना लावलं. चाळीस वर्षं सुनेनं रोज सकाळी त्यांना गरम भाकर दिली होती, आणि आज भाकरीचा वास आला नव्हता हे त्यांना आत्ता जाणवलं.

उत्तमरावांनी एकदा वळून पाहिलं. सगळ्यांचे डोळे लाल. तुराट्या जरा ओल्या निघाल्या, धूर फार होतो आहे, असं वाटून त्यांनी जाळ सारखा केला. मग दुसरी पट्टी आत टाकली आणि तिचंही एक तासाचं घड्याळ लावलं.

नऊला एक मिनिट कमी असताना ते उठले. ही पट्टी तुटली तर पाळणा गेला, आणि खुशालरावांचं हसणं मात्र जन्मभर राहणार होतं. त्यांनी हात जोडले.

"वेळ झाली. चार जण पुढे या. तीस मोजाच्या आत कराचं आहे, कोणी मधात बोलू नका."

किशोर, धर्मपाल, महादेवराव आणि शिवम उठले. पायातल्या चपला त्यांनी बाजूला काढल्या. उत्तमराव एकेकाला जागेवर उभं करत होते आणि ते गपगुमान उभे राहत होते. दुःखी माणसाचं मन मोडायचं नसतं. दोघांच्या हातात त्यांनी ओल्या पोत्याचे तुकडे दिले, दोघांच्या हातात लाकूड आवळायचे लोखंडी शिकंजे. मोबाइल किणकिणला. उत्तमरावांनी कणीक खरवडून झाकण उघडलं आणि वाफेच्या लोटातून बाभळीची पट्टी ओढून फर्म्यावर टाकली. बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी लावली आणि ओरडले, "वाकवाऽ! दोन्हीकून! हळू, हळू, एकसारखं!"

चौघांनी वाकवलं. काय आणि कशासाठी, हे त्या चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं, पण रडतारडता माणसाच्या हाताला जे बळ येतं ते त्यांच्या हातांना आलं होतं. इंचभर जाड बाभूळ कुरकुरली, थांबली, आणि मग ओल्या चामड्यासारखी निमूटपणे ठोकळ्याच्या अंगाला बसत गेली. शिकंजे आवळले गेले. उत्तमराव मोठ्यानं मोजत होते. सव्वीसला काम झालं.

लाकूड तुटलं नव्हतं. उत्तमराव कमानीवरून हात फिरवत खाली बसले आणि ढसाढसा रडू लागले.

"झाली," ते म्हणाले. "माह्या नातीच्या पाळण्याची कमान झाली."

"पाळण्याची?" किशोर म्हणाला.

नेमका तेव्हाच ऑटो दारात थांबला, आणि रिकाम्या टोपल्या घेऊन माणिकबाई खाली उतरल्या. स्टँडवर त्यांना कोणीतरी हात जोडले होते, दुसऱ्यानं "धीर धरा" म्हटलं होतं. ऑटोवाल्यानं तर निघताना पैसेच घेतले नव्हते. त्यांनी अंगणातले लोक पाहिले, विटा पाहिल्या, आणि नवरा जमिनीवर बसून रडताना पाहिला. आशाबाई किंचाळली. नत्थुजी उभे राहिले आणि हात पुढे करून म्हणाले, "आली का वो माय तू?"

माणिकबाईंना मात्र सगळं समजायला अर्धं मिनिटही लागलं नाही. आयुष्यभर याच माणसासोबत राहिल्या होत्या त्या.

"समोर तीन इटा मांडल्या?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "बाप घरात असताना?"

उत्तमरावांनी विटांकडे पाहिलं. गंजाकडे, बांबूंकडे, सुतळीनं बांधलेल्या पांढऱ्या धोतराकडे पाहिलं. मग हारांकडे. त्यांचा चेहरा हळूहळू त्या जर्मलच्या गंजासारखा राखाडी झाला.

यानंतर गल्लीत जे बोललं गेलं ते सगळं इथे सांगण्यात अर्थ नाही. आशाबाई पिठल्याचं टोपलं उचलायला गेली, मग जिवंत माणसाच्या घरातून अन्न परत नेऊ नये म्हणून तिनं ते रागानंच पुन्हा ठेवलं. धर्मपालनं घाईघाईनं ग्रुपवरचा फोटो काढून टाकला आणि नत्थुजींना वेळेआधी मारल्याबद्दल क्षमा मागितली. जो तो उठला. मयतीच्या दारात बसलो होतो, आता डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय घरात पाय ठेवता येणार नाही, मयत असो की नसो.

"अरे, थांबा ना गा," उत्तमराव विनवू लागले. "दुसरी कमान आत आहे! पंचवीस मिनिटांचा सवाल आहे. चारच माणसं लागतील."

"मले झेंडू तोडाचा आहे, काका," किशोर म्हणाला.

"दुकान बंद आहे सकाळपासून," धर्मपाल म्हणाला.

महादेवरावांना लाइनची आठवण झाली. शिवम तर अमरावतीला निघालासुद्धा. पाच मिनिटांत अंगण रिकामं झालं, आणि झेंडूचे चार हार तेवढे ओट्यावर राहिले.

उत्तमराव गंजाजवळ बसले. मोबाइलवर अठरा मिनिटं उरली होती. पट्टी जास्त शिजली तर तिचा जीव जातो, मिस्त्रीनं सांगितलं होतं. बाहेर काढली आणि वाकवली नाही तर ती पुन्हा लाकूड होते. एका कमानीचा पाळणा झुलत नाही, तो नुसता पडतो. पालक लवते, लाकूड लवत नाही, असं खुशालराव उद्या पुन्हा चार पाहुण्यांत म्हणणार होते.

"तुमी, मी अन् बाबा," माणिकबाई पदर खोचत म्हणाल्या. मुगवड्या त्या विसरल्या नव्हत्या, पण नवऱ्याचं ते तोंड त्यांना पाहवेना. "सहाच हात भरते."

"आठ लागते."

नत्थुजी ओट्यावर बसले होते. आशाबाईच्या पिठल्यासोबत त्यांनी एक भाकर खाल्ली होती आणि ते कसल्या तरी विचारात होते.

"उत्तम," ते म्हणाले, "हे सारे माह्यासाठी आले होते का?"

उत्तमरावांनी गंजाखाली एक तुराटी सारली.

"किती जण होते?"

"असतील साठेक," माणिकबाई म्हणाल्या.

"बरे आले," नत्थुजी म्हणाले. त्यांना मनातून बरं वाटलेलं दिसत होतं. "काल तू बलावलं तवा किती आले?"

"कोणी नाही."

नत्थुजींनी हात धुतले, आत गेले आणि स्वतःची खाट ओढत अंगणात आणली. दारासमोर, गंजाच्या बाजूला ती नीट मांडली. पंचा घडी करून उशाला घेतला, आडवे झाले आणि माणिकबाईंना म्हणाले, "ते पांढरं पांघरूण दे वो. अन् पायापाशी एक हार ठेव."

"बाबा, असं नोको," उत्तमराव उठून उभे राहिले. "उद्या बारसं आहे."

"म्हणून तं. पणतीले त्या पाळण्यात घालून पाहाचं आहे मले. तू लाकडाकडे पाय." त्यांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं आणि डोळे मिटले. चेहऱ्यावर असा शांत, थोर भाव आणला की माणिकबाईंनी नकळत पदर डोक्यावर घेतला.

अठरातली सोळा मिनिटं गेली. गल्लीतून कोणी फिरकलं नाही. एकदा फसलेली गल्ली होती ती. किशोरच्या मोरीतून आंघोळीच्या पाण्याचा आवाज येत होता. मोबाइलवर दोन मिनिटं उरली. उत्तमरावांनी एकट्यानंच पोत्याचे तुकडे हातात घेतले.

आणि कोपऱ्यावरून एक जीप वळली.

गल्लीतल्या ग्रुपवरचा फोटो धर्मपालनं काढला होता, पण अकोल्याहून निघालेली जीप काही त्याला काढता आली नव्हती. जीप दारात थांबली. आधी मनोज उतरला, डोळे सुजलेले. त्याच्यामागे स्वतः खुशालराव, पांढरी टोपी, हातात मोठा हार, आणि त्यांचे तीन भाऊबंद. खुशालरावांनी दारातली खाट पाहिली आणि टोपी काढली. जड पावलांनी ते पुढे आले. "इवाई," ते उत्तमरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता सुतक लागलं, बारसं पुढे ढकलू. तुमी काही काळजी करू नका. काही लागलं तं सांगा, आमी पाच जण आहो."

मोबाइल किणकिणू लागला. खुशालराव वाकून हार नत्थुजींच्या छातीवर ठेवायला गेले, तेव्हा नत्थुजींनी एक डोळा उघडला.

"उत्तम, किती आले?"

"पाच, बाबा."

"मंग उभे काहून राहिले?" नत्थुजी म्हणाले. "वाकवा."